गाडीतला पेट्रोलचा वास आणि अण्णा

गेल्या रविवारी सकाळी, जुळे सोलापुरातल्या आमच्या घरासमोर, मी माझ्या वडिलांच्या हातावर फटका मारला. मी पंचेचाळीस वर्षांचा, ते अठ्ठ्याहत्तर. समोरच्या गॅलरीतून दोघं-तिघं बघत होते...

हे लिहावं की नाही, चार दिवस ठरत नव्हतं. पण मनातून जातच नाहीये.

अण्णांचं टेंभुर्णीला हायवेलगत गॅरेज होतं, चाळीस वर्षं. गाडीला काय झालंय हे ते वासावरून सांगायचे. क्लच जळालाय की ऑइल की वायर, बॉनेट उघडायच्या आधीच. पाइपवरून बोट फिरवायचं आणि ते नाकाशी न्यायचं, ही त्यांची तपासणी. आई गेल्यावर मी त्यांना सोलापूरला आणलं. गॅरेज बंद झालं, पण इथेही गल्लीतले लोक गाडीची तक्रार घेऊन अण्णांकडेच यायला लागले. बाकी त्यांना करमायला इथं दुसरं काहीच नव्हतं.

तर महिन्यापूर्वी आमच्या गाडीत पेट्रोलचा वास यायला लागला. जुनी पेट्रोल गाडी आहे. गाडी पाचेक मिनिटं चालली की वास यायचा, एसी लावला की जास्तच. स्मिता, माझी बायको, रोज डोकं धरून ऑफिसला उतरायची. आमची मुलगी आर्या दुसरीत आहे. ती शाळेत जाताना आईच्या ओढणीचं टोक नाकाला लावून बसायची.

साहजिकच मी अण्णांना दाखवलं. त्यांनी गाडीखाली पुठ्ठा पसरला, दुपारभर ठेवला. कोरडा. पाइपवरून बोट फिरवलं, वास घेतला आणि म्हणाले, "कायबी न्हाय. पंपावर टाकी गच्च भरतोस, त्याचा वास हाय त्यो." आठवड्याने परत दाखवलं, परत तेच.

स्मिता म्हणत होती, एकदा दुसरीकडे दाखवू या. मी तिच्यावर वैतागलो. अण्णांनी बघितल्यावर आणखी कुणाला दाखवायचं, असं मी बोललो... तेही जरा चढ्या आवाजात. आणि रोज सकाळी बायको-पोरीला त्याच गाडीत बसवत राहिलो.

रविवारी शेवटी मीच म्हटलं, अण्णा, इंजिन चालू ठेवून बघू या का? ते तयार झाले. बॉनेट उघडलं, गाडी सुरू केली. त्यांनी नेहमीसारखं बोट फिरवलं, नाकाशी नेलं, मान हलवली. "न्हाय रे. सुकं हाय सगळं." पाइपालगत ठेवलेल्या फडक्याला बोट पुसलं आणि फडकं माझ्या हातात दिलं.

त्या फडक्याला पेट्रोलचा भपकारा येत होता. पाइपाकडची बाजू चांगली ओली झाली होती...

मी नुसता फडक्याकडे बघत राहिलो. अण्णांच्या गॅरेजची एक रीत होती. गाडी तपासून झाली की इंजिनाला उदबत्ती ओवाळायची, मगच ती गिऱ्हाइकाच्या ताब्यात द्यायची. मी मान वर केली तर अण्णांनी खिशातून काडेपेटी काढली होती. एका हातात उदबत्ती आणि काडेपेटी, दुसऱ्या हातात काडी. इंजिन चालूच.

मी फटका मारला. काडेपेटी गटारीत गेली. तोंडातून काय शब्द गेले ते इथं लिहिण्यासारखे नाहीत. किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. आर्या दोन हातांच्या अंतरावर, पायरीवर उभी होती.

अण्णा पायरीवर जाऊन बसले. खाली बघत म्हणाले, "दीड वरीस झालं. कशाचाच वास येत न्हाय मला. उदबत्तीचाबी न्हाय."

मग सांगितलं का नाही, मी ओरडलोच.

"सांगितलं असतं तर इचारलं असतं का कुणी मला?"

मी ते ओलं फडकं गाडीपासून लांब नेऊन टाकलं.

मेकॅनिकला घरीच बोलावलं. पेट्रोलचा रबरी पाइप क्लिपच्या आत चिरला होता, उन्हानं रबर कडक होऊन. इंजिन चालू असलं की प्रेशरनं बारीक फवारा उडायचा आणि गरम इंजिनवर लगेच उडून जायचा. म्हणून पुठ्ठा कोरडा. आधी दोनदा अण्णांनी उदबत्ती ओवाळली तेव्हा इंजिन बंद होतं, एवढ्यावर आम्ही वाचलो. अर्ध्या तासात पाइप बदलून झाला.

मला अण्णांचा राग येतो. मग स्वतःचा येतो. वास मला येत होता, बायकोला येत होता, सात वर्षांच्या पोरीला येत होता, तरी मी आमच्या तिघांच्या नाकांवर विश्वास ठेवला नाही. आणि दीड वर्षात जेवताना, चहा पिताना, माझ्या एकदाही लक्षात आलं नाही.

डॉक्टरांना दाखवलं. या वयात वास घ्यायची शक्ती परत येईल असं वाटत नाही म्हणाले.

काल संध्याकाळी शेजारचे गृहस्थ स्कूटर ढकलत आले. फाटकातूनच हाक मारली, "अण्णा हायत का? जळल्यावानी वास येतोय, जरा बघतील का?" मी आत वळलो. अण्णांनी ऐकलं होतं. भिंतीकडे तोंड करून ते हळू म्हणाले, "घरी न्हायत म्हणून सांग."

आणि मी बाहेर जाऊन तसं सांगितलं.

आम्ही सगळे जिवंत आहोत, याबद्दल देवाचे आभार मानतोच. पण आत जाऊन अण्णांशी काय बोलायचं, ते कुणाला माहीत असेल तर मला सांगा...