चकचकीत बोल्ट

मंगळवार, ९ फेब्रुवारी. सकाळी ढगाळ, नंतर ऊन. धोबी आला नाही. भाऊजींनी मोटरसायकलची तेलाची नळी बदलली. इंजिन साडेअकराला सुरू केले.

वहिनींच्या वहीत दुपारपर्यंत एवढेच आहे. भाऊजींबद्दल मात्र एवढ्यावर भागत नाही.

भाऊजी म्हणजे त्यांचे धाकटे दीर. विमा कचेरीत तीस वर्षे लोकांच्या अर्जांतल्या चुका काढल्या. निवृत्तीनंतर घरातल्या वस्तूंच्या काढू लागले. त्यांनी सुधारलेले घड्याळ आता फक्त भिंतीचा पोपडा झाकते. सुधारलेले शिवणयंत्र भंगारवाल्यानेही नाक मुरडून नेले. थोरला भाऊ गेल्यापासून त्याच्या जुन्या मोटरसायकलवर त्यांचा डोळा होता.

वहिनींनी एकच अट घातली. "नळी गळतेय. ती बदला, इंजिन धड चालवून दाखवा आणि खुशाल घेऊन जा." या इंजिनाचे सुटे भाग आता कुठे मिळत नाहीत. तेल न पोचता वाल्व्हकडचा भाग जळला, तर गाडी कायमची गेली.

भाऊजींनी पोलादी जाळीची नळी आणली. ती खालून इंजिनाला जोडणारा, तिच्यात तेल सोडणारा पोकळ बोल्ट तीन दिवस साबणासारख्या पॉलिशने घासला. "तोंड बघा यात, वहिनी!"

"तोंड घरच्या आरशात दिसतं. तेल जातंय का बघा."

"नवी नळी आहे. जाईल नाही तर काय करेल?"

"दहा वर्षांत ह्यांनी एक खिळा सरळ ठोकला नाही," भाऊजींची बायको, जाऊबाई, पायरीवरून म्हणाल्या. "नळी कसली धड बसवतील?"

भाऊजींनी किल्लीसाठी हात पुढे केला. वहिनींनी किल्ली स्वतःच लावली आणि बोटे तिच्यावरच ठेवली. "आमचे हे नळी बदलली की आधी वरचा बोल्ट सैल करून तेल येतंय का बघायचे. करा सैल. मी मिनिट मोजते."

"वहिनी, हे बायकांचं काम नाही हो."

"म्हणूनच तुम्हाला सांगतेय."

बोल्ट सैल झाला. किक बसली, इंजिन मंद धडधडू लागले. वहिनींनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिले. वीस सेकंद. चाळीस. बोल्टभोवती थेंबसुद्धा नाही.

"तेल थंड असेल," भाऊजी म्हणाले. "चालू द्या अजून थोडं."

साठाव्या सेकंदाला वहिनींनी किल्ली फिरवली. "थंड तेल उशिरा येतं, पण येतं. काढा तो खालचा, चकचकीत बोल्ट."

बोल्टच्या तेल जाण्याच्या आडव्या भोकात हिरवट पॉलिश घट्ट बसले होते. बाहेरून आरसा, आतून बूच. वहिनींनी अंबाड्यातला आकडा काढून ते कोरले, बोल्ट रॉकेलमध्ये धुतला आणि परत दिला. या वेळी तेराव्या सेकंदाला वरच्या सैल बोल्टखालून तेल ओघळले. भाऊजींनी बोल्ट आवळला.

"मला शंका होतीच," ते म्हणाले.

"मग तोंडाला पण पॉलिशच लावलं होतं का?" जाऊबाई.

"काही असो, चालली ना? मग नेतो मी."

"मी अट घातली होती चालवून दाखवायची," वहिनी म्हणाल्या. "तुम्ही जाळून दाखवत होता. गाडी इथेच राहील, भाऊजी. तुम्ही या कधीतरी, पुसायला."

भाऊजी चहाला थांबले नाहीत.

संध्याकाळी वहिनींनी वहीत आणखी एक ओळ लिहिली: पाहुण्यांच्या खोलीतली चादर विरली होती, फाडून सहा फडकी केली.