चुन्याखालचा नंबर

जबलपूर स्टेशनामागं इंदिराकाकूंची खानावळ होती. खानावळ म्हणजे मातीच्या चार भिंती आणि वर पत्रे. अमरावतीकडून तोफगाड्यांच्या कारखान्यात आलेले आम्ही वीसेक जण तिथं जेवायचो. नवरा रेल्वेत खलाशी, तो गाडीखाली गेला, तेव्हापासून काकू एकट्याच चुलीशी. तोंडाच्या फटकळ, कुणी ताटात भाकरी टाकून उठलं की सगळ्यांसमोर झाडायच्या. पण लढाईच्या महागाईत त्यांनी कुणाला अर्धपोटी उठू दिलं नाही.

त्रेचाळीस साली हुकूम आला. लष्करी गाड्यांसाठी स्टेशनचं आवार वाढणार, मागची वस्ती उठणार. एका कारकुनानं घराघराच्या भिंतीवर गेरूनं नंबर टाकले. ज्याच्या भिंतीवर नंबर, त्याला गोहलपुरात जागा. काकूंचा नंबर एकतीस. आठवडाभर बाई तोऱ्यात होत्या.

मग नवरात्र आलं. घट बसायच्या आधी भिंतींना चुना द्यायचा, हे दरवर्षीचं. घर पडणार म्हणून देवीला मळक्या भिंतीत बसवायचं? त्यांनी आतून-बाहेरून सगळं पांढरंशुभ्र केलं. मी जेवायला गेलो नि म्हणालो, "वा काकू, घर उजळलं!" मी शिकलेला, दिवसभर सरकारी कागदांत बसणारा, आणि माझ्याही लक्षात आलं नाही. त्या शब्दांची मला आजही लाज वाटते.

दिवाळीनंतर नव्या जागेच्या चिठ्ठ्या वाटायला दुसराच कारकून आला.

"नंबर कहाँ है?"

"इथंच तर होता न भैया, एकतीस! देवीसाठी चुना दिला मी. थांबा, दाखवून राहिली."

उलथनं घेऊन त्या भिंत खरवडू लागल्या. चुना निघाला, त्याच्यासोबत गेरूही निघाला, मग नुसती माती. मी साक्षीला पुढं झालो. यादीत फक्त आकडे होते, नावं नव्हती. कारकून म्हणाला, "बाबूजी, एकतीस नंबर अपना बताने वाले सुबह से चार आ चुके." काकू खरवडतच होत्या. शेवटी मी त्यांचा हात धरला.

दुसऱ्या दिवशी खानावळ पाडली. लढाई संपली तरी तिथं एकही रूळ पडला नाही.

पुढं कामानिमित्त सिहोऱ्याला एका व्यापाऱ्याकडे गेलो. स्वयंपाकघराच्या दारात काकू उभ्या होत्या, वाळून गेलेल्या.

"जेवले काय, भाऊ?" त्या पटकन बोलून गेल्या, आणि मालकिणीकडे बघून गप्प झाल्या.

मी सकाळपासून उपाशी होतो. "हो काकू, जेवलो," म्हणालो.