चिपले लावलेलं कुंकू
२०१९ साल, मी अडुसष्ट वर्षांचा, शाळा चौथीपर्यंत. “बुढा कॉम्प्युटर शिकून राह्यला बे,” असं गाव हसे. पण थंडी पडली की कोंबडीच्या पिल्लांवरचा उबेचा बल्ब आपोआप लागावा, असा प्रोग्राम मी सुनेकडून शिकून स्वतः चिपमध्ये भरला. नवं यंत्र म्हणून बायकोनं ओल्या बोटानं चिपले हळदकुंकू लावलं. सकाळी पाहतो तर बल्ब बंद अन् सारी पिल्लं गारठून मेलेली. दिवसभर प्रोग्रामची ओळ न् ओळ तपासली, चूक सापडेना. शेवटी सून हळूच म्हणाली, “मामाजी, प्रोग्राम बरोबर हाय. ओलं कुंकू चिपच्या तारेसारख्या पायांत गेलं अन् शॉर्ट झालं.” बायकोनं ऐकलं. “माह्याच हातानं मेले बाप्पा,” म्हणत ती न जेवता निजली. दुसऱ्या दिवशी सकाळी मी नवी चिप डब्यात बंद केली, डबा रिकाम्या खुराड्यावर टांगला, बायकोले बोलावून झाकणावर बोट ठेवलं अन् म्हटलं, “लाव कुंकू, इथं लाव.”