दोन वाजताचं तापमान, सकाळी आठला

गावातल्या मंडळींनो, आणि माझ्यासारखं गाव सोडून आलेल्यांनो,

मी निघालो तेव्हा आईने नागलीचं पीठ, लोणचं आणि दोन गोधड्या असं काही बांधून दिलं, की जीपवाला म्हणाला, "परदेशी चाललास का रं?" चाललो होतो बोईसरला, दीड तासावर. बाबा एवढंच म्हणाले, "मोठ्या मानसानी सांगितलं का हाव म्हनायचं. उलट इचारायचं नाय."

रसायनांच्या कारखान्यात मी शिकाऊ लागलो. रसायनशास्त्राचा पदवीधर, तेव्हा आपल्याला सगळं येतं, असं माझं प्रामाणिक मत. मला शिकवायला यादवजी, गोरखपूरचे, दहावी नापास, जुने ऑपरेटर. नुसत्या आवाजावरून पंपाचं दुखणं ओळखायचे. पहिल्याच आठवड्यात सकाळी आठला तापमानाचा तक्ता हातात देत म्हणाले, "हर घंटे का है, भर के रखना. समझा?"

"हो."

भरून ठेव म्हणाले, मी भरून ठेवला. आठ ते चार, अख्खा, दहा मिनिटांत! कॉलेजात प्रॅक्टिकलच्या वहीत हेच तर करायचो: जुने आकडे घ्यायचे, एखादा इकडेतिकडे करायचा. अक्षर मात्र सुरेख.

दहाला यादवजींनी तक्ता पाहिला. "अरे साइंटिस्ट, दो बजे का टेम्परेचर अभी से आ गया? लॉटरी का नंबर भी बता दे!" मग एकदम गंभीर झाले. मॅनेजरसाहेब राउंडला निघाले होते आणि अशा कामाला घरचा रस्ता ठरलेला. मी पान फाडायला गेलो, तर त्यांनी मनगट धरलं.

"फाड़ेगा तो चोर. काटेगा तो सिर्फ गधा. एक लाइन मार, नीचे का दिखना चाहिए. बाजू में साइन कर."

नऊ आकडे, नऊ रेघा, नऊ सह्या. साहेबांनी कागद पाहून माझ्याकडे पाहिलं. मी सांगून टाकलं, "गेज न बघता लिहिलं, सर. समजलं नव्हतं, तरी हो म्हणालो."

"साहब, मैंने भी ठीक से नहीं समझाया," यादवजी शांतपणे म्हणाले. ते असं म्हणायला कुठे बांधील होते?

शिकाऊपण तीन महिने वाढलं. नोकरी राहिली. पदवीने जे शिकवलं नाही, ते त्या एका रेघेने शिकवलं.

गेल्या दिवाळीत यादवजींना गोरखपूरला जाता आलं नाही, म्हणून त्यांना आमच्या घरी नेलं. बाबांनी विचारलं, "पोरगा नीट काम करतो ना?" यादवजींनी सगळं सांगितलं, लॉटरीसकट. बाबा मांडीवर थाप मारून हसले, मग दचकून म्हणाले, "आन नोकरी?"

"हाय, बाबा."

"हसून झालं आसल तर जेवा," आई म्हणाली. घर म्हणजे मला आता एवढंच कळतं: आपला गाढवपणा भरल्या पंगतीत ऐकूनही आईने ताटात गरम भाकर टाकली. आणि दुसरी, न विचारता, यादवजींच्या.