सिनिवाने टीव्ही घेतला

आमच्या बेटावरच्या कोलोंगा गावात चालू स्थितीतली पिकअप गाडी माझ्या एकट्याकडे आहे. त्यामुळे कोणाला शहरातून काहीही आणायचं असलं की माझ्याच दारात येऊन खाकरतात. डुकरं, सिमेंट, शवपेट्या, नवरीचा पलंग, सगळं मी वाहिलंय. टीव्ही तर कितीतरी वाहिले, आणि त्यातले निम्मे पुढे मोडीत टाकायलाही मीच नेले. इथल्या खाऱ्या हवेने आतल्या तारा हिरव्या पडतात. म्हणून कोणी स्वस्तातला मोठा टीव्ही घ्यायचा म्हटलं की माझं डोकं फिरतं आणि मी त्याला चार शब्द सुनावतो. सिनिवालाही सुनावले.

सिनिवा माझी चुलत बहीण. आमच्यात सख्खं-चुलत असं काही नसतं, बहीण म्हणजे बहीण, आणि तिचा मान सांभाळणं हे भावाचं जन्मभराचं काम. वयात आलेले भाऊ-बहीण एकमेकांसमोर वेडंवाकडं बोलत नाहीत, शेजारी-शेजारी बसत नाहीत, आणि घरात टीव्ही लागला की दोघांपैकी एकाने मुकाट्याने उठून बाहेर जायचं. पडद्यावर कोण कधी कोणाच्या गळ्यात पडेल याचा काय भरवसा? सिनिवा माझ्या गाडीतही मागे हौद्यात बसायची, पोत्यांना टेकून, आणि मी पुढे चाक धरून. आमच्या आयुष्यातल्या बहुतेक गप्पा अशाच झाल्या, मागच्या फुटक्या काचेतून ओरडून.

ती चटया विणते. केवड्याच्या पाती समुद्रात भिजवायच्या, वाळवायच्या, दोऱ्यासारख्या बारीक चिरायच्या आणि मग महिनोन्‌महिने मान मोडून बसायचं. नवरा साखरेच्या आजाराने आधी पाय आणि मग जीव घालवून बसला. पदरात एकच मुलगी, लेसिएली. ती तीन महिन्यांसाठी म्हणून ऑकलंडला मावशीकडे गेली आणि तिथेच राहिली. कागदपत्रांची मुदत संपली, तरी ऑफिसांतल्या फरश्या पुसत राहिली, तिथेच लग्न केलं. इकडे आली असती तर परत जाता आलं नसतं, म्हणून आली नाही. सिनिवाने तिकडे जायचा प्रयत्न दोनदा केला, व्हिसा मिळाला नाही. मग उरला तो फोन. दर रविवारी चर्च सुटलं की सिनिवा फणसाखाली बसून फोनच्या पडद्यावर तिला बघत बोलायची. लेकीला हसवण्यासाठी चर्चमधल्या गायकांच्या नकला करायची. स्वतः सगळ्यांत बेसूर गाते, पण नकला झकास करते. अकरा वर्षं त्या दोघींचं असं चाललं होतं.

गेल्या ऑगस्टात लेसिएली कामावर असताना डोक्यातली शीर फुटून वारली. चौतिशीत होती.

सासरच्यांनी तिला तिथेच पुरायचं ठरवलं. दफन शनिवारी. तेवढ्यात व्हिसा मिळण्याचा प्रश्नच नव्हता. तिथल्या चर्चमधून सगळा विधी फोनवरून इकडच्यांना दाखवणार होते. हल्ली तसंच करतात, कारण आमची निम्मी माणसं तिकडे मरतात आणि निम्मी इकडे रडतात.

दुसऱ्या दिवशी सिनिवा माझ्या दारात येऊन खाकरली. केस मोकळे सोडलेले, अंगात काळं, डोळे कोरडे.

"दादा, सगळ्यांत मोठा टीव्ही केवढ्याला पडतो?"

मला वाटलं, हिचं डोकं फिरलं.

"टीव्ही काय करायचाय तुला? फोन आहे की."

"फोनमध्ये ती एवढीच दिसते." तिने तळहात पुढे केला. "अकरा वर्षं एवढीच बघितली. मला तिचं तोंड तिच्या तोंडाएवढं बघायचंय. एकदाच, झाकण लावायच्या आधी."

"अगं, मोठे टीव्ही महाग असतात. आणि स्वस्तातले घेशील तर दोन वर्षंसुद्धा टिकत नाहीत. मी वाहिलेत ना, मला विचार. रंग उडतो, पट्टे पडतात, मग त्यावर कोंबड्या झोपतात."

"मला दोन वर्षं नकोयत, दादा. शनिवारची सकाळ हवीय."

मी नेतो म्हणालो. पण मनातून मला ते पटलं नव्हतं, कारण टीव्हीसाठी ती काय विकणार हे मला ठाऊक होतं. तिच्याकडे विकण्यासारखी एकच वस्तू होती. लेसिएली ऑकलंडला गेली त्या वर्षी विणायला घेतलेली चटई, कापडासारखी मऊ. ती लेक परत आली की तिला द्यायची होती.

हे गावात पसरायला कितीसा वेळ लागतो? संध्याकाळच्या प्रार्थनेनंतर तोआकासे आली. ही सिनिवाची नणंद, लेसिएलीची आत्या. आमच्याकडे आत्यापुढे कोणाचं चालत नाही. भावाच्या घरातली हवी ती वस्तू ती उचलून नेऊ शकते, आणि भाच्याच्या मयताला तीच उशाशी बसते. आईकडची आम्ही माणसं, आम्ही कमरेला जुन्या फाटक्या चटया गुंडाळून मागच्या अंगणात चुलीशी राबायचं. मी त्या वेळी सिनिवाच्या दाराबाहेर दिव्याची वायर जोडत होतो, म्हणून सगळं ऐकलं.

"ती चटई शवपेटीत जाणार," तोआकासे बसायच्या आधीच म्हणाली. "आमचा पोरगा परवा विमानाने निघतोय, त्याच्याकडे दे. पोरीच्या अंगाखाली आईच्या हातचं काही नको?"

"तिला आता कळणार आहे का वन्सं, अंगाखाली काय आहे ते?"

"तुला लाज कशी वाटत नाही? लोक म्हणतील, आईने लेकीची चटई विकून टीव्ही आणला."

"म्हणू देत. खरंच आहे ते."

"आणि मी आत्ताच उचलून नेली तर?"

"न्या," सिनिवा म्हणाली. "तुमचा हक्कच आहे. कोपऱ्यातल्या ट्रंकेत आहे बघा, वरच ठेवलीय."

मग तोआकासे हुंदके द्यायला लागली. ती बाई तोफेसारखी आहे, मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं. ती रिकाम्या हातांनी बाहेर आली आणि माझ्यावर खेकसली, "तू काय ऐकतोयस? वायर जोड!" खरं सांगतो, मला तोआकासेचंच म्हणणं बरोबर वाटत होतं. चटई गेली असती तर आईचं काहीतरी लेकीपर्यंत पोचलं असतं. टीव्हीतून काय पोचतं? पण त्या घरात मेलेली मुलगी माझी नव्हती.

चटई बाजारातल्या एका व्यापारणीने घेतली. हात फिरवून तिनेसुद्धा "अरेरे" म्हटलं आणि तरी भाव पाडलाच. तिथून आम्ही लिनच्या दुकानात गेलो. लिन चीनचा, पण इथे राहून आता आमच्यापेक्षा चांगल्या शिव्या देतो. त्याने भिंतीवरचे सगळे टीव्ही लावले. प्रत्येकात रंगीत मासे पोहत होते. मी दारातच पाठ करून उभा राहिलो.

"भाऊ वाटतं?" लिनने विचारलं.

"भाऊ," सिनिवा म्हणाली. "मासे नकोत. माणूस दाखव."

लिनने कुठलीतरी मालिका लावली. एक बाई रडत होती, असं आवाजावरून कळलं. मी मान वळवून चोरून बघितलं, तर सिनिवा पडद्याला नाक लावून उभी आणि त्या बाईचं तोंड वितीने मोजतेय, कपाळापासून हनुवटीपर्यंत.

"हे फार मोठं झालं. एवढं तोंड कोणाचं असतं?"

"मालिकेत तोंडच दाखवतात ताई. मयताला पेटी जरा लांबून दाखवतील, मग बरोबर होईल." लिनला काही सांगायची गरज पडली नव्हती, काळे कपडे आणि कमरेची चटई त्याने बघितली होती. "पण हा घेऊ नका. हा मोठा आहे म्हणून स्वस्त नाही, रद्दी आहे म्हणून स्वस्त आहे. आवाज पत्र्यासारखा येतो. तो पलीकडचा घ्या, लहान आहे पण चांगल्या कंपनीचा."

सिनिवाने पलीकडचाही वितीने मोजला आणि मान हलवली. "त्यात ती लहान मुलीएवढी दिसेल."

"विचार कर," मी रस्त्याकडे बघत म्हणालो. "दुकानदार स्वतः नको म्हणतोय, असं कधी ऐकलंयस का?"

तिने मोठाच घेतला. परत येताना मागे हौद्यात त्या खोक्याला दोन्ही हातांनी कवटाळून बसली होती. खड्डा आला की मी गाडी हळू करायचो, आणि मागून एक शब्द यायचा नाही. एरवी खड्ड्यागणिक माझ्या गाडीचा उद्धार करणारी बाई.

शनिवारी सकाळी आम्ही टीव्ही जमिनीवर मांडला, चटया अंथरून, जशी पेटी ठेवली असती तसा. मागच्या भिंतीवर झाडाच्या सालीचं रंगवलेलं कापड लावलं, खिडक्या झाकल्या. बायका येऊन दाटीवाटीने बसल्या. पेटीचा उशाकडचा भाग पडद्यावर कुठल्या बाजूला येईल यावर थोडा वाद झाला, आणि तोआकासे अंदाजाने डावीकडे ताठ बसली. सिनिवा मधोमध. मी माझा फोन टीव्हीला जोडून दिला आणि रिवाजाप्रमाणे बाहेर पडलो, अंगणाच्या पार टोकाला, जिथे पुरुष रताळी आणि डुक्कर भाजायच्या खड्ड्याशी बसले होते. सताड उघड्या दारातून तिथूनही टीव्ही समोर दिसत होता.

भजन सुरू झालं. आवाज पत्र्यासारखाच होता, पण शब्द कळत होते. पाद्री बोलला, नवरा बोलला आणि मध्येच थांबला. मग ज्याच्या हातात फोन होता तो पेटीजवळ गेला, आणि मला लेसिएली दिसली. कपाळ रुंद झालं होतं, गाल भरले होते. नाक मात्र सिनिवाचं, तेच आखूड आणि हट्टी. गळ्याशी पांढरी लेस होती. इतकी स्वच्छ दिसली की माझ्या हातातलं लाकूड खाली पडलं. मला वाटलं, चला, चटई सत्कारणी लागली.

तेवढ्यात आतून गलका झाला. "कोण आहे ते?" "पांढरं पांढरं काय दिसतंय?" "सिनिवाला पुढे जाऊ द्या, आई आहे ती!" बायकांनी तिला वाट करून दिली आणि ती गुडघ्यांवर पुढे सरकली. कोणीतरी म्हणालं, अजून जवळ जा, आणि ती अजून जवळ गेली. पडद्यावर दोन्ही हात टेकवले. मग मला तिचा आवाज ऐकू आला.

"माझी पोर कुठेय? इथे नुसते चौकोन आहेत. कुठेय ती?"

तेव्हा मला उलगडा झाला. त्या वेळी उरलेलं सगळं गाव आपापल्या घरी हेच बघत होतं, इंटरनेटच्या एकाच तारेवर ताण पडला होता आणि चित्र मोडून मोडून येत होतं. लहान फोनवर ते चाललं असतं. त्या एवढ्या मोठ्या रद्दी पडद्यावर जवळून बघणाऱ्याला नुसते राखाडी-तपकिरी ठोकळे दिसत होते. लांबून मात्र ते एकमेकांत मिसळत होते आणि त्यांचं तोंड होत होतं. घरात आईला जितकं पुढे ढकलत होते तितकी लेक विरत चालली होती.

"सिनिवा!" मी ओरडलो. "बाहेर ये! इकडे, माझ्याजवळ! इथून दिसतेय!"

माझ्या शेजारचे पुरुष तोंडाकडे बघत राहिले. भाऊ बहिणीला हाक मारून टीव्ही बघायला शेजारी बोलावतोय, असं या गावात कोणी ऐकलं नसेल. आतून तोआकासे ओरडली, "जा! जा म्हणते ना!" आणि तिनेच सिनिवाला दंडाला धरून उठवलं. सिनिवा बायकांच्या मांड्या तुडवत, कमरेची चटई फरफटत धावत आली आणि माझ्या बाजूला उभी राहिली. पुरुष उठून लांब गेले. मी तिला हाताला धरून खाली बसवलं आणि दाराकडे बोट केलं.

ती डोळे बारीक करून बघत राहिली. तिकडे पेटीपाशी लोक एकेक करून वाकत होते, लेसिएलीच्या कपाळाचा मुका घेत होते आणि बाजूला होत होते. आमच्यात निरोप असाच देतात, आणि आईचा मुका सगळ्यांत शेवटी असतो. शेवटचा माणूस बाजूला झाला. पेटीजवळ कोणीच नव्हतं. तिथे क्षणभर सगळे कोणाची तरी वाट बघत असल्यासारखे थांबले.

मग दोघांनी झाकण उचललं.

"दिसली ना?" मी विचारलं. "दिसली ना नीट?"

"दिसली," सिनिवा म्हणाली. तिने माझा हात सोडला नव्हता. "पण दादा, एवढी लांब तर ती होतीच की."