आठ दिवसांचा सायलेन्सर

माझ्या थोरल्या जावेवर मी जळत होते, हे आधीच सांगून टाकते. लपवून काय मिळायचंय? आता आम्हा दोघींचेही केस पिकले आणि गावात ते कुणाला माहीत नाही असं नाही.

तिचं माहेर लोणंदचं, कांद्याच्या बाजारातलं. माझं कवठे महांकाळकडचं, जिराईत रानातलं. ती माहेराहून आली की मागून कांद्याची पोती यायची. मी आले की आईनं बांधून दिलेली मूठभर मटकी यायची. तिच्या दारात दुभती म्हैस, माझ्या दारात शेळी. तिचा आवाज कधी चढायचा नाही, माझा कधी उतरायचा नाही. सगळं गाव तिला गुणाची म्हणायचं, आणि तो शब्द कानावर पडला की माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा.

सासरे मिलिटरीतून सुभेदार होऊन परत आले तेव्हा त्यांनी लष्कराच्या लिलावातली एक जुनी जीप आणली होती. ते गेले आणि भावाभावांची वाटणी झाली. रान वाटलं, भांडी वाटली, परसातल्या चिंचेच्या फांद्यासुद्धा वाटल्या. जीप कशी वाटणार? पंचांनी बराच वेळ तंबाखू चोळली आणि तोडगा काढला, की विहिरीला जशी पाण्याची पाळी असते तशी जिपेलाही लावा. आठ दिवस थोरल्याचे, आठ दिवस धाकट्याचे, बदल गुरुवारी सकाळी. पेट्रोल ज्याचं त्यानं घालायचं आणि ज्याच्या पाळीत मोडेल त्यानं नीट करायचं. विहिरीवरच्या इंजिनाचा नियम हाच होता, तो तसाच जिपेला लावला.

दुष्काळाचं दुसरं वर्ष होतं. विहिरीनं तळ दाखवला होता, ऊस उभा वाळला होता. पेट्रोलला पैसा कुठला? जीप बहुतेक दिवस चिंचेखालीच उभी असायची. तरी गुरुवारी सकाळी किल्ली या दारातून त्या दारात जायचीच.

त्या फाल्गुनात माझ्या धाकट्या बहिणीचा साखरपुडा ठरला, रविवारचा. माहेरी तेव्हा काय होतं? वडील आणि भाऊ दोघंही दुष्काळी कामावर खडी फोडत होते. मुलाकडची माणसं तासगावकडची, बागायतदार, नाक वर करून चालणारी. आईनं निरोप धाडला, की जमलं तर जीप घेऊन या, दारात उभी राहिली तर पोरीला वजन येईल. आईनं माझ्याकडं आयुष्यात मागितलेली ही पहिली गोष्ट. गुरुवारपासून आमची पाळी होती, म्हणून मी छाती पुढं काढून होकार कळवला.

गुरुवारी उजाडता थोरली दोघं लोणंदहून परतली. जीप दिसायच्या आधी ऐकू आली. वेशीपासून नुसता गडगडाट, कोंबड्या पळाल्या, म्हशीनं दावं तोडलं. सायलेन्सरचा डबा गंजून पाइपापासून तुटला होता आणि तो त्यांनी काथ्यानं बांधून आणला होता. आमच्या ह्यांनी विचारलं, कधी तुटला? थोरले दीर म्हणाले, आत्ताच, वेशीत. म्हणजे गुरुवारी सकाळी. म्हणजे आमच्या पाळीत!

थोरल्या दिरापुढं बोलायची मला मुभा नव्हती. मी दाराआडून ह्यांना सांगायचे, हे अंगणात जाऊन निम्मं सांगायचे आणि उरलेलं गिळायचे. त्यात माझा सगळा दारूगोळा वाया गेला. शेवटी असं ठरलं, की सूर्य उगवला होता, तेव्हा पाळी बदलली होती, तेव्हा खर्च धाकट्याचा. जाऊ मधे पडून म्हणाली, निम्मं निम्मं करू की. ती असं म्हणाली आणि माझा पारा आणखी चढला. तिच्या निम्म्यावर माझ्या बहिणीचा साखरपुडा होणार असेल तर मी चालत जाईन, असं मी ह्यांच्याकरवी कळवलं. ह्यांनी तेवढं मात्र पूर्ण सांगितलं.

नवा सायलेन्सर आणण्याची गोष्टच नव्हती. ह्यांचं डोकं असल्या वेळी फार चालायचं. ते म्हणाले, विहिरीचं बांधकाम गूळ-चुन्याचं, शंभर वर्षं पाणी सोसतंय, मग धूर काय चीज आहे? त्यांनी चुना मळला, त्यात माझ्या डब्यातला गूळ कालवला, तुटल्या जागी तुपाच्या डब्याचा पत्रा गुंडाळला, वरून ते सारण थापलं, गोणपाट लपेटलं आणि तार आवळली. दिवसभर वाळू दिलं. शुक्रवारी आम्ही मलकापूरपर्यंत जाऊन बघायचं ठरवलं.

पहिले दोन मैल जीप खरोखर गप होती. मी ह्यांच्याकडं कौतुकानं पाहिलंसुद्धा. मग वास आला. आधी काकवीचा गोड, मग कढई करपल्याचा. गूळ उकळून पाइपावरून ठिबकायला लागला आणि गोणपाट धुमसायला लागलं. मलकापूरच्या नाक्यावर चहाच्या टपरीवरच्या एकानं ह्यांना हाक मारून विचारलं, "गड्या, गुऱ्हाळ कुठं लावलंय रं?" सगळी टपरी हसली. हेही हसले. मला हसू आलं नाही. परत येताना पुन्हा तोच गडगडाट, आणि संध्याकाळी जावेनं तिच्या लेकीकडून वाटीभर गूळ पाठवला. डबा रिकामा झाला असंल म्हणून, असा निरोप. चिडवलं का काळजी केली, हे तिच्या बाबतीत कधी कळायचं नाही, आणि म्हणूनच ते जास्त झोंबायचं.

नाक्यापाशी एका म्हाताऱ्या मिस्त्रीचं वेल्डिंगचं दुकान होतं. शुक्रवारीच त्यानं जिपेखाली डोकं घालून सांगितलं होतं, की भंगारातल्या ट्रकचा एक डबा आहे, तो कापून बेतून बसवतो, पण उधारी नाही. बोलता बोलता घरात सून बाळंतीण आहे आणि तिला दूध कमी आहे, हेही त्यानं सांगितलं होतं. शनिवारी मी शेळी जिपेत घातली. माझ्या लग्नानंतर वडिलांनी पाठवलेली शेळी ती, दोन्ही वेळा तांब्याभर दूध देणारी. हे वाटभर म्हणत होते, अजून विचार कर. मी विचार केला असता तर शेळी राहिली असती आणि जाऊ जिंकली असती.

मिस्त्रीनं डबा मधोमध कापला, टोकं ठोकून बंद केली, पाइपाचा बाक जिपेच्या बेतानं वळवला आणि दोन पट्ट्यांनी आवळून बसवला. शेळी जाताना ओरडली. जीप मात्र काहीच बोलली नाही. घरी पोचलो तरी अंगणातल्या कोंबड्यांनी मान वर केली नाही.

रविवारी आमची जीप माहेरच्या दारात उभी राहिली. मुलाकडचे दोघंतिघं बाहेर येऊन तिच्याभोवती फिरले, एकानं बॉनेटवर हात फिरवला. सुपारी फुटली, बहिणीची ओटी भरली, सगळं मनासारखं झालं. मी आईच्या तोंडाकडं बघत होते. आता ती म्हणेल, आता म्हणेल. आई माझ्याजवळ आली, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "तुझी आक्का न्हाई आली व्हय? लय गुणाची बाई." आणि जावेसाठी एक खण माझ्या हातात दिला. मला काही नाही. म्हणजे मी घरची ना!

शेळी माझी गेली आणि खण तिला. परतीच्या वाटेवर तासगाव मागं पडलं. मग ह्यांना म्हटलं, "गुरुवारी किल्ली द्यायच्या आधी सायलेन्सर काढून ठेवा." त्यांनी जीप थांबवली. मला वेड लागलं का, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, विहिरीवरची पाळी संपली की तुम्ही इंजिनाचा पट्टा काढून खांद्यावर टाकून घरी आणता, का भावासाठी ठेवून येता? इंजिन सामायिक, पट्टा ज्याचा त्याचा. जीप सामायिक, सायलेन्सर माझ्या शेळीचा. ह्यांनी मुकाट जीप पुन्हा सुरू केली, कारण कायदा त्यांचाच होता.

तेव्हापासून दर गुरुवारी हे पाना घेऊन जिपेखाली शिरायचे. एका गुरुवारी काढायचे, पुढच्या गुरुवारी बसवायचे. मधल्या काळात डबा माझ्या बाजेखाली असायचा. थोरल्या दिरांनी नियम मानला. तेही विहिरीवालेच. त्यांच्या पाळीत जीप निघाली की तीन वाड्यांना कळायचं. माझ्या पाळीत मी मुद्दाम कारण नसताना वेशीपर्यंत एक फेरी मारायला लावायचे, तिच्या दारावरून, सावकाश. जाऊ उंबऱ्यात तांदूळ निवडत बसलेली असायची आणि मान वर करून हसायची. त्या हसण्यानं माझी सगळी मजा जायची. चिडली असती तर मी सुखानं जगले असते.

आषाढ गेला, श्रावण लागला. मला दिवस भरत आले होते. पोर दुसरं, म्हणून बाळंतपण सासरीच. सोमवारी सकाळपासून कळा सुरू झाल्या आणि दुपार झाली तरी सुटका होईना. सुईणीनं पोटावरून हात फिरवून सांगितलं, पोर आडवं आहे, कऱ्हाडला न्या, उशीर केलात तर दोघांपैकी एक जाईल.

पाळी थोरल्यांची होती.

हे बाजेखालून सायलेन्सर ओढून जिपेकडं धावले आणि पाठीवर पडून खाली शिरले. थोरल्या दिरांनी त्यांच्या पायाला धरून त्यांना बाहेर ओढलं. वेळ नाही, एवढंच म्हणाले. मला मागं गोधडीवर घातलं, जावेनं माझं डोकं मांडीवर घेतलं, आणि जीप सुटली. शेवटचे दिसले ते आमचे हे, अंगणात दोन्ही हातांत डबा धरून उभे असलेले.

तो आवाज मी त्याआधी फक्त बाहेरून ऐकला होता, आणि मजेनं. आत बसल्यावर तो हाडांत शिरतो. फळीच्या फटींतून धूर येत होता, कळ आली की मी तोंड उघडायचे आणि धूरच गिळायचे. जावेनं पदर माझ्या नाकावर धरला आणि मग दोन्ही तळहात माझ्या कानांवर घट्ट दाबले. कऱ्हाडपर्यंत काढले नाहीत. मी खालून तिच्या तोंडाकडं बघत होते. तिचे ओठ सारखे हलत होते. एक अक्षर मला ऐकू येत नव्हतं. देवाचं नाव घेत असेल, नवस बोलत असेल. आणि खरं सांगते, मरणाच्या दारात असताना, पोटात पोर अडलेलं असताना, मला तिच्याबद्दल जे वाटलं तो मत्सरच होता. मी केलं ते केलं, आणि ही माझ्यासाठी नवस बोलतेय. इतकं चांगलं असण्यातही तिनं मला मागं टाकलं. आता मी हिची बरोबरी करणार तरी कशी?

डॉक्टरांनी पोट फाडून पोर काढलं. मुलगा. तो जगला, मी जगले.

तिसऱ्या दिवशी मी धडपणे बोलू लागले. दुपारची वेळ, वॉर्डातल्या बायका पेंगत होत्या. जाऊ खाटेशेजारी स्टुलावर बसून दुपट्यांच्या घड्या घालत होती. मी तिला विचारलं, की आक्का, जिपेत तुम्ही कुठल्या देवाला नवस बोललात? फेडायचा तर मलाच फेडावा लागेल.

तिनं घडी पूर्ण केली. इकडंतिकडं पाहिलं आणि स्टूल जवळ ओढलं.

"नवस कसला? शिव्या देत हुते तुला," ती म्हणाली. "वाटणीपास्नंच्या. पोटात हुत्या तेवढ्या सगळ्या दिल्या."

मला वाटलं, गुंगीच्या औषधानं मी भलतंच ऐकतेय. तिच्या चेहऱ्यावर तेच ते हसू होतं, पण डोळे भरले होते.

"आन् माझं कान दाबलं ते?"

"तुला ऐकू जाऊ ने म्हून." तिनं पदरानं डोळे पुसले. मग म्हणाली, "तुला जळता तरी येतं गं. डबा काढतीस, भांडतीस, मोकळी हुतीस. मी थोरली. मला कोन जळू देतंय?"

इतकी वर्षं मी तिची म्हैस, तिचे कांदे, तिचं लोणंद मोजत होते. जळण्यातही आपला वाटा तिच्यापेक्षा मोठा आहे आणि तो तिला हवा आहे, हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं. मला आधी हसू आलं, पण टाके ओढले म्हणून थांबवावं लागलं, आणि मग रडूच आलं.

मी तिला सांगितलं, की ह्यांनी सायलेन्सर जिपेला बसवलाय आणि आता कुठल्याच गुरुवारी काढायचा नाही, असं मी आज सकाळीच बजावलंय. तुम्ही एवढं केलंत, त्याची बरोबरी करायला म्हणून, हेही सांगितलं. आता खोटं कशाला बोलायचं?

"बरं केलंस," ती म्हणाली. आणखी एक दुपटं उचललं, झटकलं, आणि हातात तसंच धरून बसली. "पर आता मी बोलू कुठं?"

मी पोराला घेऊन भिंतीकडं सरकले. ती स्टुलावरून उठून खाटेच्या कडेला टेकली आणि हलक्या आवाजात वाटणीच्या दिवसापासून सुरुवात केली.