सोयाबीनच्या वावरातली माझी पात

परवा फोनवर तू सांगितलंस की कॉलेज सांभाळून गोदामात खोकी उचलायचं काम धरलं आहेस आणि खांदे भरून आलेत. तुझ्या धाकट्या भावाने लगेच विचारलं, आजी, तू कधी असं काम केलंस का? केलं. फोनवर तुटक सांगण्यापेक्षा क्रमाने लिहून पाठवते.

मी वाशीमला इंग्रजी घेऊन बी.ए.च्या शेवटच्या वर्षाला होते. एका मैत्रिणीसोबत भाड्याच्या खोलीत राहायचे. दिवाळीच्या तोंडावर आमच्या गावाहून, किन्हीराजाहून, बाबांचा निरोप आला, की पुढच्या सहामाहीचा खर्च झेपणार नाही, सामान घेऊन घरी ये. निरोपात राग नव्हता, म्हणून तो जास्त लागला. मी उलट कळवलं, खर्च मी उभा करते, सुट्टी संपेपर्यंत थांबा. कसा उभा करणार, ते मलाही ठाऊक नव्हतं.

मैत्रीण जऊळका गावची होती; सुट्टीत मी तिच्याच घरी राहिले, तीही टोळीत कापायला जायची. तिची मावशी सोयाबीन सोंगणाऱ्या, म्हणजे कापणाऱ्या, बायकांच्या टोळीची म्होरकी. सोयाबीन आमच्या भागात तेव्हा नवीनच आलं होतं. शेंगा वाळल्या की उन्हात तडकतात आणि दाणे मातीत जातात, म्हणून सगळ्या वावरांची घाई एकदमच होते आणि टोळीला हात कमी पडतात. मावशीने मला खालून वर पाहिलं आणि मैत्रिणीलाच विचारलं, ही वाकते का?

वाकले. प्रत्येकीला चार ओळींचा पट्टा मिळतो, त्याला पात म्हणतात. ती या धुऱ्यापासून, म्हणजे बांधापासून, त्या धुऱ्यापर्यंत कापत न्यायची. सोयाबीनच्या झाडावर बारीक लव असते, तिने कोपरापर्यंत आग होते. कापलेले खुंट चपलेतून टोचतात. माझा विळा मनगटातून फिरायचा, बाकीच्यांचा खांद्यातून. त्यात मी प्रत्येक ढीग सारखा, शेंगा एका बाजूला, असा लावत होते. शेजारच्या पातीवरची बाई म्हणाली, "मास्तरीनबाई, वह्या रचून राह्यल्या का?" सगळ्या हसल्या.

अकरा वाजता बाकीच्या पलीकडे पोचल्या आणि मी अर्ध्यात होते. तेवढ्यात मावशी उलट फिरली आणि समोरून माझीच पात कापत येऊ लागली. मला फार अपमान वाटला. मी ताठ उभी राहिले आणि म्हणाले, माझी पात मीच पुरी करीन, तुम्ही हात लावू नका. असं कुणी कुणाला त्या वावरात कधी म्हटलं नव्हतं.

मावशी थांबली. "वावर तुह्या एकटीचं हाय का?" आवाज न चढवता तिने विचारलं. "उद्या येऊ नको."

घरी जाताना मैत्रिणीने समजावलं. काम उक्तं, म्हणजे अख्ख्या वावराचे एकच पैसे ठरवून, घेतलेलं असतं. अख्खं वावर निघेल तेव्हाच ते निघालं, आणि मजुरी सगळ्यांत सारखी. जिची पात आधी होते तिने मागे पडलेलीच्या पातीत समोरून शिरायचं, ही तिथली रीत. मदत नाकारणं म्हणजे सगळ्यांना उन्हात ताटकळत ठेवणं. मी कॉलेजात स्वावलंबनावर निबंध लिहून बक्षीस घेतलेली मुलगी. मला हे कुणी शिकवलंच नव्हतं.

दुसऱ्या दिवशी उजाडायच्या आत मी वावरात हजर होते. काल चुकले एवढंच बोलले. मावशीने माझा विळा घेतला, दगडावर पाजळला आणि माझ्या डाव्या हाताला जुन्या लुगड्याची चिंधी गुंडाळली. त्या दिवशीही दोघी माझ्या पातीत समोरून आल्या. मी मान खाली घालून कापत राहिले.

आठवड्याभरात एकच जण यायला लागली. मग एका सकाळी माझा विळा धुऱ्याच्या गवताला लागला आणि समोर कापायला काहीच उरलं नव्हतं. मी पाठ सरळ केली, मागे वळून पाहिलं. सगळ्यांत मागे मावशी होती. कडेची, वेलींनी गच्च गुंतलेली पात ती रोज स्वतःकडे ठेवायची, हे मला तोवर दिसलंच नव्हतं. मी काही न विचारता समोरून तिच्या पातीत शिरले. वेली विळ्याला गुंडाळत होत्या, पण खांदा आता ऐकत होता. मधोमध आम्ही समोरासमोर आलो तेव्हा ती कमरेवर हात देऊन उभी राहिली.

"पाहा वं," ती बाकीच्यांना म्हणाली, "मास्तरीन आज मले पास करून राह्यली."

पोरांनो, पुढे मला पदव्या मिळाल्या, त्या सगळ्या कपाटात नीट फायलीत आहेत. त्यांतल्या एकीनेही मला त्या दिवसाएवढं उंच केलं नाही.

सुट्टी संपताना मजुरीचे पैसे घेऊन किन्हीराजाला गेले. बाबांनी पैशांकडे पाहिलंच नाही, माझे तळवे उलटसुलट करून बघितले. कुणाच्या वावरात, किती दिवस, टोळी कितीची, एवढंच विचारलं. दुसऱ्या दिवशी माझी पेटी त्यांनी स्वतः डोक्यावर घेतली आणि मोटार येईपर्यंत फाट्यावर उभे राहिले.

सोमवारी कॉलेजात सकाळी दहाच्या तासाला मी पहिल्या बाकावर बसले होते.